आलेख वाचतात, पण ‘काय कळलं?’ विचारलं की वर्ग चिडीचूप

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : हिंगोली जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा, तिसरी ते पाचवी एकाच खोलीत, तुमच्या नोकरीचं दुसरं वर्ष. चित्रालेख, म्हणजे चित्रं काढून संख्या दाखवणारा आलेख, शिकवून झाला. सगळ्यात जास्त कोणतं, सगळ्यात कमी कोणतं, हे लेकरं पटकन सांगतात. ‘यावरून काय कळतं?’ म्हटलं की वर्ग चिडीचूप. त्यात ‘१ चित्र = १’ या प्रमाणाच्या जागी ‘१ चित्र = ५’ केलं की निम्मी मुलं चुकतात. प्रोजेक्टर नाही, आलेख कागद नाही, आणि शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर आली आहे.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर २३ वर्षं शिकवते आहे, त्यातली बरीचशी चौथी-पाचवीलाच. माझं उत्तर त्या अनुभवातलं आहे. तुमचा पट किती, मुलांना गुणाकार कितपत येतो आणि घरात कोणती भाषा बोलतात, यावर यातलं बरंच बदलेल. आमच्याकडं तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. त्यातल्या कितीतरी जणांना आलेख कळलेला असतो, अडतात ती ‘पेक्षा’ आणि ‘ने जास्त’ या शब्दांवर. ‘तुरीपेक्षा सोयाबीन कितीने जास्त?’ या प्रश्नाला ‘सोयाबीन बारा’ असं उत्तर आलं तर मी आलेख बाजूला ठेवते. दोन पोरांना शेजारी उभं करते आणि ‘हा त्याच्यापेक्षा किती बोटं उंच?’ इथून सुरू करते. तुमच्याकडं हाच घोळ आहे का, तेवढं आधी तपासा.

मला दिसतं ते असं, की तुम्ही दोन अडचणी एकाच गाठोड्यात बांधल्यात. प्रमाण चुकतं ती मोजमापातली कच्ची बाजू आहे. गप्प बसणं त्याहून वेगळं. आलेख हे कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. पुस्तकातला आलेख लेकरांपुढं येतो तेव्हा उत्तर हातात असतं, पण प्रश्न कुणाचा होता, कशासाठी होता, याचा त्यांना पत्ता नसतो. मग ती बोलतील तरी काय?

म्हणून माझी सुरुवात फळ्यावर होत नाही, व्हरांड्यात होते, चपलांपासून. चपला तशाही बाहेर काढलेल्याच असतात. वस्तीवरून येणाऱ्यांची एक रांग, गावातून येणाऱ्यांची दुसरी. लावा म्हटलं. एका वर्षी गावातल्या पोरांची रांग लांब झाली आणि त्यांनी ‘आमी जास्त, आमी जास्त’ म्हणून गलका केला. वस्तीवरची एक पोरगी गुडघ्यावर बसली, एकेका जोडाला बोट लावत गेली आणि म्हणाली, “मॅडम, त्ये नऊच हायेत. आमी अकरा हाव. त्यांनी लांब लांब ठिवल्यात.” खरंच तसं होतं. एक पोरगा तर सातवीतल्या भावाच्या चपला घालून आला होता, त्या दोन जोडांची जागा खात होत्या. शिवाय त्यांची रांग खांबापासून सुरू झाली होती, हिची दारापासून.

मी काही सांगितलं नाही. भांडू दिलं. वीसेक मिनिटांनी तोडगा निघाला : एका शहाबादी फरशीवर एकच जोड, आणि दोन्ही रांगा भिंतीपासून सुरू. तसं केल्यावर ज्या फरशांवर चपला होत्या त्यांना खडूनं कडा मारायला लावल्या आणि चपला उचलायला सांगितल्या. जमिनीवर चौकटींचे दोन पट्टे उरले. त्या दिवशी मी ‘स्तंभालेख’ हा शब्द उच्चारलासुद्धा नाही. पण समान चौकट आणि समान सुरुवात हे दोन नियम त्यांनी स्वतः भांडून मिळवले होते, त्यामुळं पुढं वहीत कुणी एक चौकट मोठी नि एक लहान काढली की शेजारचाच टोकायचा, “चपला लांब ठिवल्यास की रं.” पुस्तकात चित्रालेख आधी येतो, स्तंभालेख सहावीत. मी तो क्रम फार पाळत नाही. चौकटींचा पट्टा तिसरीच्या लेकरालाही कळतो. नाव नंतर द्यावं.

आता प्रमाण. ‘१ चित्र = ५’ हे वाक्य पाठ करून घेण्यात अर्थ नाही. प्रमाणाची गरज आधी भासू द्या. मी रिकाम्या काडेपेट्या साठवते, गावातल्या हॉटेलवाल्याकडून मिळतात. शाळेच्या आवारातली झाडं मोजायला लावली : कडुलिंब, करंज, सुबाभूळ. एक झाड म्हणजे एक काडेपेटी, भिंतीला टेकवून एकावर एक रचायची. सुबाभळीचा मनोरा अठराव्या पेटीला कोसळला. पुन्हा रचला, पुन्हा कोसळला. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, “एका पेटीत पाच झाडं धरा ना मॅडम.” हे वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर त्याची किंमत शून्य होती.

तरीही काही जण पेट्याच मोजत बसतात. त्यांना दहाची एक नोट आणि रुपयाची दहा नाणी समोर ठेवून विचारायचं, कागद किती आणि रुपये किती? आठवडी बाजारात जाणारं पोर यात फसत नाही. मग ‘चित्रं किती आणि झाडं किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्याला पटतं. माझा वर्गात नियमच आहे : चित्रालेखाखाली आधी ‘चित्रं’ असा रकाना, मग ‘खरे’ असा रकाना. दोन्ही भरायचे. महिनाभरानं पहिला रकाना आपोआप गळतो.

मोठं प्रमाण समजावायला आपल्याकडं एक उदाहरण तयार आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते आत्ताच्या लेकरांनी घरी ऐकलेलं असतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, सुमारे २५ लाख लिटरच्या. एक वाघीण काढायची, खाली लिहायचं ५० हजार लिटर. पन्नास वाघिणी काढता काढता हात दुखले की ‘१ चित्र = १० वाघिणी’ हे पोरंच सुचवतात. आणि मग एक जण हमखास विचारतो, आता एका चित्रात पाणी किती? तिथं गुणाकाराचा सगळा तास वसूल होतो.

अर्ध्या चित्राचं म्हणाल तर तिथं मुलं फारशी अडत नाहीत, अर्धी भाकरी सगळ्यांनी खाल्लेली आहे. मात्र १ चित्र = १० असेल तर ७ कसे दाखवायचे, हे जरूर विचारा. अर्ध्याहून थोडं जास्त चित्र काढून बघू द्या. चित्रालेख कुठं अपुरा पडतो आणि चौकटीचा कागद का लागतो, ते त्यातून उघड होतं. आलेख कागद नाही म्हणता, तर गणिताची चौकटीची वही पुरे आहे.

स्तंभालेखावर आल्यावर एक चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटते, तिच्याकडं लक्ष ठेवा. माहितीत ६, ११, १४, २३ असे आकडे असतील तर पोरं उभ्या रेषेवर समान अंतरानं ६, ११, १४, २३ हेच लिहितात आणि छान जिन्यासारखे स्तंभ काढतात. दिसायला आलेख नीटनेटका, त्यामुळं तपासताना आपणही बरोबरची खूण करून मोकळे होतो. मी स्वतः कितीतरी वर्षं केली आहे. यावर सुतळीचा उपाय करा : वर्गात सुतळी बांधा, दर वितीवर ५, १०, १५, २० असे कागद अडकवा आणि ११ चा चिमटा कुठं लावायचा ते पोरांना ठरवू द्या. मग सुतळी सोडून भिंतीवर उभी टांगा. उभ्या रेषेवर आकडे आपल्या मर्जीनं बसत नाहीत, त्यांची जागा ठरलेली असते, हे हातानं केल्याशिवाय उतरत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न : गप्प बसणं.

फ्रान्सिस कर्सिओ नावाच्या अमेरिकी गणितशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८७ मध्ये आलेख समजण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आलेखात लिहिलेलं वाचणं, त्यातल्या गोष्टींची एकमेकींशी तुलना करणं, आणि आलेखाच्या पलीकडचं वाचणं. ‘सगळ्यात जास्त कोणतं?’ हे पहिल्या-दुसऱ्या पायरीवर भागतं. ‘यावरून काय कळतं?’ विचारून आपण लेकराला एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारायला सांगतो, तेही हाताला धरायला काही न देता. हा प्रश्न मी वर्गातून हद्दपार केला आहे. त्याऐवजी मी विचारते : हा आलेख कुणाच्या कामाचा आहे, आणि तो बघून ते काय करतील?

उदाहरण शालेय पोषण आहाराचं. पहिली ते पाचवीला दर मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ हे लेकरांना पाठ असतं. दारामागं गेल्या पाच दिवसांच्या हजेरीचा पट्टा खडूनं काढलेला असतो. प्रार्थनेआधी दोन जणांनी आजचा अंदाज करायचा : आज किती येतील, आणि मावशी किती तांदूळ काढतील? ४२ म्हणाला तर ४ किलो २०० ग्रॅम. हजेरी झाली की अर्ध्या तासात खरं-खोटं होतं. पहिल्या आठवड्यात वाट्टेल ते आकडे सांगतात. दुसऱ्या आठवड्यात एखादा म्हणतो, “मंगळवारी बाजार हाय, कमी येत्याल.” मग मी गेल्या दोन मंगळवारांचे पट्टे दाखवून म्हणते, बघ बरं, खरंच कमी होते का? एकदा नव्हते. बाजाराचा तर्क सगळ्यांना इतका पटलेला होता की पट्टा खोटं बोलतोय असं दोघं-तिघं म्हणाले. हजेरीपट काढून पुन्हा मोजला. पट्टा बरोबर होता. तर्क आलेखावर घासून बघायचा असतो, हे त्या दिवशी जितकं कळलं तितकं माझ्या कुठल्याही तासानं कळलं नसतं.

दुसरी सवय दोन खडूंची. आलेखात दिसतं ते पांढऱ्यानं लिहायचं, आपल्याला माहीत आहे म्हणून जोडतो ते पिवळ्यानं. याची गंमत आणि याचा चटका, दोन्ही मला एकाच वर्षी कळलं. प्रत्येकाच्या नावाची एक काडेपेटी केली होती. सकाळी आल्यावर आपली पेटी ‘हजर’च्या रांगेत ठेवायची, उरलेल्या ‘गैरहजर’मध्ये. दिवाळीनंतर गैरहजरची रांग वाढतच गेली. मी विचारलं, काय दिसतं? पांढऱ्या खडूनं लिहिलं गेलं : हजर कमी झाले. का? एक जण म्हणाला, आजारी असतील. तेव्हा मागून आवाज आला, “आजारी न्हाईत मॅडम, कारखान्याला गेलेत.” पिवळा खडू. ते पेट्यांना कुठून कळणार होतं? ते तिला माहीत होतं, कारण तिची चुलत बहीण ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला गेली होती.

मग त्याच पोरीनं विचारलं, “ह्यांच्या पेट्या रोज गैरहजरमधी कामून ठिवायच्या?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर्गानं तिसरी रांग केली, ‘कारखान्यावर’. एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या, आणि रकाने कसे पाडले यावर आलेख काय बोलणार हे ठरतं, हे मी त्या दिवशी त्यांच्याकडून शिकले. मार्चमध्ये पोरं परत येऊ लागली तेव्हा त्या रांगेतल्या पेट्या उचलून ‘हजर’मध्ये ठेवायला भांडणं व्हायची.

इथं माझी एक चूकही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी ‘घरी जनावरं किती?’ हा विषय घेतला होता. गावाकडचा विषय, सोपा, सगळे बोलतील, असं वाटलं. एका भूमिहीन घरातल्या पोरानं दोन म्हशी सांगितल्या. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं की घरी शेळीसुद्धा नाही. पोरं हसली, आणि तो आठवडाभर शाळेत आला नाही. तेव्हापासून घरातली जमीन, जनावरं, गाडी, मोबाइल, सकाळी काय खाल्लं हे विषय मी घेत नाही. जिथं रिकामा स्तंभ म्हणजे लाज ठरते, तिथं माहिती खोटी येते आणि लेकरू दुखावतं. झाडं, पाऊस, रस्त्यावरून जाणारी वाहनं, आवडता खेळ, पक्षी मोजा. विषय संपत नाहीत.

पावसावर थोडं जास्त लिहिते, कारण मराठवाड्यात यासारखा विषय नाही. सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बूड खोलगट असतं, म्हणून तळात खडे आणि पाणी घालून सपाट पातळी करा, तिथं शून्याची रेघ, आणि बाहेरून पट्टी चिकटवा. तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचं हवं, नाहीतर मिलिमीटर खोटे येतात. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. आलेखावर ६५ मिलिमीटरला तांबडी आडवी रेघ मारा. चोवीस तासांत तेवढा पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि ‘आपल्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली का?’ हा प्रश्न घरोघरी गाजतो, त्यामुळं ती रेघ पोरांना फार जवळची वाटते.

आणि आडव्या रेषेवर महिने लिहायच्या ऐवजी एकदा नक्षत्रं लिहून बघा : मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. आम्ही केलं त्या वर्षी आजोबा मंडळी शाळेच्या भिंतीपाशी थांबायला लागली. एक जण पुनर्वसूच्या बुटक्या स्तंभावर काठी ठेवून म्हणाले, “तरणा न्हाई पडला, म्हातारा पडला.” पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा. पोरांनी वही बघितली तर पुष्याचा स्तंभ खरंच उंच होता. ज्यांना अक्षर येत नाही अशी माणसं आलेख वाचताना बघणं हा पोरांसाठी मोठाच धडा होता.

पाचवीतली जरा तयारीची मुलं असतील तर आणखी दोन गोष्टी करा. पहिली, सोयाबीनचा हमीभाव. २०२२-२३ ला क्विंटलला ४,३०० रुपये, २०२३-२४ ला ४,६००, २०२४-२५ ला ४,८९२. अर्ध्या वर्गाला उभी रेषा शून्यापासून काढायला सांगा, १ सेंमी = ५०० रुपये. अर्ध्याला ४,००० पासून, १ सेंमी = १०० रुपये. पहिल्या गटाचे तिन्ही स्तंभ जवळजवळ सारखे, साडेआठपासून पावणेदहा सेंटिमीटरपर्यंत. दुसऱ्या गटात शेवटचा स्तंभ पहिल्याच्या जवळपास तिप्पट. आकडे तेच. दोन्ही कागद शेजारी लावून विचारा, भाव लई वाढला असं सांगायचं असेल तर कोणता कागद दाखवाल? आमच्याकडं एका पोरानं उत्तर दिलं, “सभेत दुसरा, घरी पहिला.”

दुसरी गोष्ट जायकवाडी धरणाची. पेपरात साठ्याची टक्केवारी येते, ती जिवंत, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याची असते. नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला जिवंत साठा २,१७१, उरलेला ७३८ मृत साठा. म्हणजे पेपरात शून्य टक्के लिहिलं तरी धरणात एकूण क्षमतेच्या पावभर पाणी असतं. शून्य कुठून धरलाय हे विचारायची सवय इथून लागते. मात्र तिसरी-चौथीला यात शिरू नका, गोंधळ होतो.

वेळेचं म्हणाल तर हा पाठ पुस्तकात शेवटाकडं येतो, आणि आपल्या भागात तोपर्यंत निम्मा वर्ग ऊसतोडीला गेलेला असतो. म्हणून मी तो पाठ म्हणून उरकत नाही. जूनमध्ये चपला, जुलैपासून पाऊस, नंतर हजेरी, आठवड्याला दोनदा दहा-दहा मिनिटं. तीन वर्ग एकत्र असणं इथं सोयीचंच पडतं : तिसरीनं ताळ्याच्या खुणा, म्हणजे मोजताना मारायच्या रेघा, करायच्या, चौथीनं चौकटी रंगवायच्या, पाचवीनं प्रश्न काढायचे. शिष्यवृत्तीची आता घाई आहे, तर या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांपुरतं एवढंच करा : ‘चित्रं’ आणि ‘खरे’ हे दोन रकाने, आणि प्रश्न वाचायच्या आधी प्रमाण वाचून त्याला गोल करायची सवय. त्या परीक्षेत आलेखावरचे बहुतेक गुण प्रमाण न बघितल्यानं जातात. बाकीचं सावकाश पुढच्या जूनपासून.

आणि मुलांना खरंच कळलंय का ते तपासायचं असेल तर आलेख काढा, पण शीर्षक आणि नावं पुसून टाका. नुसते बारा स्तंभ : आधी बुटके, मधले चार उंच, पुन्हा बुटके. खाली तीन शीर्षकं द्या : ‘वर्षभराचा पाऊस’, ‘वर्गाची हजेरी’, ‘रसवंतीवरचा धंदा’. कोणतं बसतं आणि का, एवढंच विचारा. मी गेल्या वर्षी विचारलं तेव्हा बहुतेकांनी पाऊस सांगितला. एक पोरगी मात्र उठून म्हणाली, “आधी सांगा मॅडम, पहिला खांब जानेवारीचा हाय का जूनचा?”